नवव्या दिवसाचं दूध

"दूध कुणाचं पाजता याला?" सिस्टरनी विचारलं.

"डब्याचं," माझी आई म्हणाली.

"तुम्हाला नाही विचारलं. बाळाच्या आईला विचारतेय."

मी मान खाली घातली. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातला मुलांचा वॉर्ड, सकाळचे अकरा वाजलेले, आणि माझा नऊ दिवसांचा मुलगा समोरच्या टेबलावर मेणकापडावर पडलेला. रडतही नव्हता. आदल्या दिवसापासून त्याला पाण्यासारखे जुलाब होत होते. डोळे आत गेले होते, टाळू खोल गेली होती, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती. डॉक्टरांनी त्याच्या डोक्याच्या शिरेत सुई लावून सलाइन सुरू केलं होतं आणि ते पुढच्या खाटेकडे गेले होते. मागे उरल्या होत्या लोखंडे सिस्टर. पन्नाशीच्या, अंगाने आडव्या, आवाज असा की वॉर्डातल्या दुसऱ्या टोकाची बाईसुद्धा दचकून बघायची.

"मला दूध नाही," मी म्हणाले.

"पहिलटकरीण आहेस?"

"नाही. पहिली मुलगी आहे. तीन वर्षांची."

"तिला काय पाजलंस?"

"अंगावरच. दोन वर्षं."

"तेव्हा दूध होतं?"

"खूप. पदर भिजायचा."

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. "आणि या वेळी एकदम काही नाही?"

"एकेक बाळंतपण येगळं असतंय, बाई," आई म्हणाली. "ह्या वेळंला हिला आलंच न्हाई."

सिस्टर सलाइनचा थेंब मोजत उभ्या राहिल्या.

याला आता पस्तीस वर्षं झाली. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते. माझं सासर हळदीच्या पट्ट्यातल्या एका गावात. घरात दोन भाऊ. थोरले, त्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो, शेती बघायचे. धाकटे म्हणजे माझे यजमान, दिनकर, गावच्या हायस्कूलमध्ये कारकून होते. सासू-सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. त्यामुळे सासूच्या जागी मला होत्या त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. रुक्मिणी त्यांचं नाव, मी त्यांना अक्का म्हणायचे. त्यांच्या लग्नाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती आणि त्यांना मूल नव्हतं. माझी मनीषा चालायला लागली ती अक्कांचं बोट धरून.

दुसऱ्या वेळी दिवस गेल्यावरही मी बाळंतपणाला माहेरी आले. खरं तर पहिलं माहेरी झालं होतं, दुसरं सासरी व्हायला हरकत नव्हती. पण यजमानच म्हणाले, "आईकडं जा. निवांत होईल." मला त्याचं कौतुक वाटलं.

चैत्रातली ती दुपार मला अजून स्वच्छ आठवते. मुलगा झाला. सुईणीनं त्याला पुसून माझ्या कुशीत ठेवलं. त्याचे डोळे मिटलेलेच होते, पण तोंड वळवून वळवून तो शोधायला लागला होता. त्याचे ओठ माझ्या अंगाला लागले न लागले, तेवढ्यात आईनं त्याला उचललं.

"पैला चीक बाधतो," ती म्हणाली. "पोटात धरंल त्याच्या."

"आई, मनीषाच्या वेळी तूच तर चीक पाजायला लावलास. म्हणालीस, ह्यातच सगळी ताकद असते."

"तवा तुझ्या अंगात कसर नव्हती. आता अंग बघ किती तापलंय."

माझं अंग जरा कोमट होतं, एवढंच. पण आई होती ती. तिनं सांगितलं आणि मी ऐकलं.

दुसऱ्याच दिवशी यजमान आले. मनीषाच्या वेळी ते बाराव्या दिवशी उगवले होते. या वेळी त्यांच्या हातात पिशवी होती. पिशवीत दुधाच्या पावडरचा डबा, काचेची बाटली, रबरी बोंडी, आणि कागदाच्या पाकिटात गोळ्या.

"तालुक्याच्या डॉक्टरांना विचारून आणल्यात," ते मला म्हणाले. "ताकदीच्या आहेत. सकाळ-संध्याकाळ एकेक घ्यायची. चुकवायची नाही."

गोळ्यांच्या पट्टीवर इंग्रजीत काहीतरी लिहिलं होतं. मी दहावीला बसले होते आणि इंग्रजीत नापास झाले होते. माझ्या मनात आलं, मुलगा झाला म्हणून माणूस किती बदललाय. मी रोज नेमानं गोळी घेतली. आई हातावर ठेवायची, पाण्याचा तांब्या पुढं करायची आणि गिळेपर्यंत उभी राहायची.

तिसऱ्या दिवशी माझी छाती दगडासारखी झाली. हात वर उचलवेना. मी म्हणाले, "आई, हे दूधच आहे गं. लाव त्याला." तिनं लुगड्याचा जुना पट्टा काढला आणि माझी छाती घट्ट बांधली. म्हणाली, "नासलेलं दूध हाय ते. ते प्याला तर पोर हातचं जाईल." बाळ तिच्या खोलीत निजायचं. मी मागितलं की ती आणायची, दोन घटका ठेवायची आणि परत न्यायची. "लई जवळ घिऊ नगंस," म्हणायची. "अंगाची सवय लागती."

मला रडू यायचं. मला वाटायचं माझंच काहीतरी बिघडलंय. सातव्या दिवशी छाती मऊ पडली, रिकामी झाली. आठव्या दिवशी बाळाला जुलाब सुरू झाले.

दवाखान्यात त्या दुपारी दीडच्या सुमाराला सिस्टर परत आल्या. त्यांनी मला पडद्यामागे नेलं.

"पोलकं सोड."

मी सोडलं. बांधलेला पट्टा बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. त्यांनी तो ओढून काढला आणि कोपऱ्यात टाकला. मग हात गरम पाण्यात बुडवून त्यांनी छाती चोळायला सुरुवात केली, कडेकडून मधे, हळूहळू. मी दात आवळून उभी. बऱ्याच वेळानं बोंडावर एक पिवळट थेंब उभा राहिला. मग दुसरा.

"हे काय आहे?" सिस्टर म्हणाल्या.

मी त्या थेंबाकडे बघत राहिले.

"अगं, विचारतेय मी. हे काय आहे?"

"दूध," मी म्हणाले.

"मग दूध नाही असं कुणी सांगितलं तुला?" त्यांचा आवाज चढला, मग त्यांनीच तो खाली आणला. "ऐक. सलाइननं त्याचं गेलेलं पाणी भरून निघेल. पण बाटलीनं आत जी घाण गेलीय तिच्याशी भांडायला त्याच्या अंगात काही नाही. ते तुझ्यात आहे. हे दूध उकळावं लागत नाही, गार करावं लागत नाही, त्याच्यावर माशी बसत नाही. आणि ते पचवायला त्याला ताकद लागत नाही. आज तुला चार थेंब आलेत. त्याला चारच पाज. दोन तासांनी परत लाव. तो ओढेल तसं वाढेल. मी हे पंचवीस वर्षं बघतेय."

त्यांनी बाळाला सलाइनच्या नळीसकट सांभाळून उचललं आणि माझ्या मांडीवर दिलं. त्याला ओढायचं बळ नव्हतं. तो नुसताच तोंड लावून पडला. सिस्टरनी माझा थेंब बोटावर घेऊन त्याच्या ओठांत सोडला. त्याची जीभ हलली. मग एकदा, अगदी हलकं, त्यानं ओढलं. नऊ दिवसांत पहिल्यांदा.

मी त्याला तसंच धरून खाटेवर येऊन बसले. आई खाटेच्या पायथ्याशी खाली बसली होती. तिनं बघितलं आणि ती उठून उभी राहिली.

"हे काय? कुणी सांगितलं?"

"सिस्टर म्हणाल्या."

"तिला काय कळतंय? सोडव त्याला. आन तुझी गोळी ऱ्हायलीय सकाळपासनं. घे आधी." तिनं कंबरेची चंची सोडली, पाकीट काढलं आणि गोळी माझ्या हातावर ठेवली.

मी तोंडाकडे नेणार तोच सिस्टरनी माझं मनगट धरलं.

"कसली गोळी आहे?"

"ताकदीची," मी म्हणाले.

त्यांनी आईच्या हातातलं पाकीट घेतलं. पट्टी उलटी करून नाव वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्या आईला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर व्हरांड्यात बसा."

"मी हिची आई हाय."

"म्हणूनच म्हणतेय. बाहेर बसा."

आई गेली. सिस्टर माझ्या खाटेवर टेकल्या. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण आता तिचे शब्द मला कान देऊन ऐकावे लागत होते.

"किती दिवस घेतेस ही?"

"दुसऱ्या दिवसापासून."

"कुणी आणली?"

"यांनी. माझ्या नवऱ्यानं."

"ह्या दूध आटवायच्या गोळ्या आहेत, बाई. कुणाला देतात माहितीय? ज्या बाईचं बाळ पोटात जातं, नाहीतर जन्मून जातं, तिला. दूध भरून येतं आणि प्यायला कुणी नसतं, म्हणून." त्यांनी बाळाच्या अंगावरचं फडकं नीट केलं. "तुझं बाळ तर जितं आहे. मग तुला का दिल्या, हे तुझ्या माणसांना विचार."

गोळी अजून माझ्या तळहातावर होती. घामानं ती विरघळायला लागली होती. मी हात खाटेच्या लोखंडी पट्टीला पुसला.

व्हरांड्याच्या टोकाला नळ होता, तिथं आई बाटली विसळत बसली होती. मी बाळाला सिस्टरजवळ सोडून गेले. ओल्या बाळंतिणीनं चालू नये म्हणून जी बाई मला न्हाणीपर्यंत हात धरून न्यायची, तिनं माझ्याकडे वर बघितलंसुद्धा नाही.

"आई, त्या गोळ्या कसल्या होत्या?"

ती बाटली विसळत राहिली.

"तुला माहीत होतं?"

"व्हय."

ती एवढ्या सरळ हो म्हणेल असं मला वाटलं नव्हतं. मी मनातल्या मनात तिच्यासाठी कारणं तयार ठेवली होती. तिला वाचता येत नाही, तिला फसवलं असेल, तिनं जावयावर विश्वास ठेवला असेल.

"का?"

"खाली बस. चक्कर यील."

"का, आई?"

तिनं बाटली बाजूला ठेवली आणि पदराला हात पुसले. "तुझ्या जावंच्या वट्यात घालायचा होता त्याला. बाराव्या दिशी. बारशाला. तुझ्या मालकानं थोरल्या भावाला शबूद दिलाय, तुला दिवस गेलं तवाच. पोरगी झाली तर ऱ्हाऊ दे म्हनलं होतं. पोरगा झाला तर तिचा."

व्हरांड्यात माणसांची ये-जा चालू होती. एक बाई कडेवर मूल घेऊन नळावर आली, तिनं तांब्या भरला आणि गेली.

"अंगावर पाजलं की सुटत न्हाई," आई म्हणाली. "तू त्याला पाजलं असतंस तर दिला असतास? म्हून म्हनलं, लागूच नगं त्याला तुझं अंग. तुला बी सोपं जाईल, त्याला बी."

"सोपं?"

"थोरला दुसरं लगीन करणार हाय, अलका. पोर न्हाई म्हून. पुढल्या लग्नसराईला. त्याला पोरगा मिळाला तर ती बाई वाचती." आता तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं. "सवत घरात येती म्हंजे काय असतंय ते मला इच्चार. तू चार वर्साची हुतीस. तुला घिऊन ह्या गावात आले, भावाच्या दारात, तवा माझ्या हातात एक पातेलं हुतं. मी काय दुस्मान न्हाई तुझी. तुझ्या पदरात एक हाय. आनखी हुतील. तिच्या पदरात काय हाय?"

तिचं सगळं खरं होतं. ते पातेलं मीही बघितलं होतं. तरी मला त्या क्षणी आठवत होतं ते एवढंच, की तिसऱ्या दिवशी मी वेदनेनं कळवळत होते आणि ही बाई माझ्या छातीवर पट्टा आवळत होती, आणि तिला ठाऊक होतं.

"पोर मरायला लागलं होतं, आई."

"तसं हुईल असं कुठं ठावं हुतं?" तिचा आवाज फुटला. "ते घरातनंच घरात जानार हुतं गं..."

मी वॉर्डात परत आले. दोन तास होत आले होते. मी बाळाला परत लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यजमान आले. गावातून कुणीतरी निरोप दिला होता. त्यांच्या मागून अक्का, खांद्याला कापडी पिशवी. घाईनं आलेल्या दिसत होत्या. कुंकू विस्कटलेलं, चपलेचा अंगठा तुटलेला. पिशवीच्या तोंडातून पिवळं टोपडं डोकावत होतं. हातानं शिवलेलं, कडेला पांढरी लेस.

बाळ माझ्या मांडीवर होतं, पदराखाली. त्या दिवशी त्याच्या ओढण्याचा आवाज यायला लागला होता. यजमानांनी तो ऐकला आणि ते खाटेपासून दोन पावलं अलीकडेच थांबले.

"कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"पितोय."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"बाटली बंद करा म्हणतात. आणि गोळ्या."

अक्का खाटेच्या दुसऱ्या बाजूला आल्या. त्यांनी पदराकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"अलका," त्या म्हणाल्या, "तू त्याला पाजतीयंस?"

"माझं बाळ आहे, अक्का."

"पन तू तर..." त्या यजमानांकडे वळल्या. "भावजी, तुम्ही म्हणाला, अलका आपणहून कबूल झाली. म्हणाला, तिनंच इशय काढला."

यजमान खिडकीबाहेर बघत होते.

"मी काही कबूल केलं नाही, अक्का. मला कुणी विचारलंच नाही. मला काल कळलं. नळावर. आईकडून."

अक्का खाली बसल्या, तिथंच, फरशीवर, पिशवी मांडीवर घेऊन.

"तुम्ही काय सांगितलंत त्यांना?" मी यजमानांना विचारलं.

"हळू बोल. लोक बघतायत."

"काय सांगितलंत?"

"हे बघ," ते म्हणाले. शाळेत पालकांना समजावतात तसा त्यांचा आवाज होता. "तो काही परक्याच्या घरात जाणार नव्हता. मधली भिंत सोडली तर एकच घर आहे. तू त्याला रोज बघितलं असतंस. दादांनी आपल्यासाठी काय कमी केलंय? मी शिकलो तो त्यांच्या जिवावर. त्यांनी मागितलं. मी शब्द दिला."

"मग मला का नाही विचारलं?"

"तू नाही म्हणाली असतीस."

ते हे अगदी सरळपणे म्हणाले. त्यात राग नव्हता, लाजही नव्हती. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं तोंड फिरवून घेतलं. मला वाटतं, त्यांना ते वाक्य कसं ऐकू येतंय हे तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही कधी कळलं नाही.

"गोळ्या कुणाच्या डोक्यातून आल्या?"

"डॉक्टरला सांगितलं, बाळ दगावलं म्हणून. त्यानं लिहून दिल्या."

माझा हात आपोआप बाळाच्या डोक्यावर गेला. सुईच्या पट्टीच्या बाजूला, मऊ टाळूवर. माझा जिता मुलगा घरात रडत होता आणि त्याचा बाप तालुक्याला बसून तो गेला असं सांगत होता.

अक्का खालून म्हणाल्या, "बाटलीचं मी म्हणाले होते. ते माझं हाय. तू कबूल झालीस असं वाटलं, तरी भ्या वाटायचं. म्हटलं, एकदा तोंडाला लावलं की तिला सोडवायचं न्हाई. म्हणून म्हणाले, पैल्यापास्नं वरचंच पाजा. पण गोळ्यांचं मला ठावं नव्हतं. शपथ घ्यायला लाव कुणाची बी."

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला की नाही, ते मला आजही सांगता येत नाही. मनीषा रांगत होती तेव्हा तिच्या गुडघ्यांना खोबरेल चोळणाऱ्या त्याच होत्या. लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या तापात माझ्या उशाशी बसणाऱ्या त्याच. आणि माझ्या पोटातल्या बाळासाठी सात महिने टोपडी शिवत असताना मला एकदाही न दाखवणाऱ्याही त्याच.

एवढ्यात लोखंडे सिस्टर आल्या. त्यांनी तिघांकडे एकदा बघितलं आणि कुणी काही सांगायच्या आत त्यांना बहुतेक सगळं कळलं.

"वडील कोण? तुम्ही? बाहेर व्हा. पाजायची वेळ आहे." मग अक्कांकडे बघून, "आणि तुम्ही?"

अक्का उठल्या. पिशवी खाटेच्या पायाशी ठेवली, मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत उचलली आणि त्या बाहेर गेल्या.

आम्ही दवाखान्यात अकरा दिवस राहिलो. पहिले तीन दिवस दूध थेंबानंच येत होतं. सिस्टर मधल्या वेळेला उकळलेल्या पाण्यातलं डब्याचं दूध वाटी-चमच्यानं द्यायला लावत, रोज एक चमचा कमी करत. "बाटली दिसली तर फेकून देईन," म्हणत. चौथ्या दिवशी जुलाब थांबले. सहाव्या दिवशी दुपारी मी पडले होते, बाळ शेजारच्या झोळीत जरा कुरकुरलं आणि माझं पोलकं एकाएकी भिजलं. मी सिस्टरना हाक मारली. त्या धावत आल्या, त्यांना वाटलं काही झालं. मी नुसतं दाखवलं. त्या हसल्या. "बघ," म्हणाल्या, "तुझ्या अंगाला कुणी फसवू शकलं नाही." त्याच दिवशी वाटी-चमचा बंद झाला. घरी सोडताना वजन केलं, तेव्हा तो जन्मला त्याहून अर्धा पाव जास्त भरला. बारसं झालंच नाही. केसपेपरवर लिहायला नाव हवं म्हणून मीच सांगितलं, उमेश.

आई ते अकरा दिवस व्हरांड्यात बसून होती. सकाळ-संध्याकाळ डबा आणायची. बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, खारकांची खीर. मी तो डबा खाल्ला. दूध यायला खावं लागतं म्हणून. तिच्याशी बोलले नाही. पुढं दोन वर्षांनी बोलायला लागले, जायला-यायला लागले, तिच्या शेवटच्या आजारपणात तिचं सगळं मीच केलं. पण माझ्या तिसऱ्या बाळंतपणाला मी तिच्याकडे गेले नाही, आणि तिनंही मला बोलावलं नाही.

नवऱ्याच्याच घरी परत गेले. दुसरीकडं कुठं जाणार होते? संसार झाला, मुलं शिकली. आमच्यात भांडणं फार झाली नाहीत. ते काही सांगायला लागले की मी आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचे, आणि मी बघतेय हे त्यांना कळायचं. मग ते बोलणं आवरतं घ्यायचे. हे असं सत्तावीस वर्षं चाललं, ते जाईपर्यंत.

दादांनी बोलल्याप्रमाणे केलं. पुढच्या माघात त्यांनी दुसरी बायको आणली. वीस-एकवीस वर्षांची पोर होती, तिचाही त्यात काही दोष नव्हता. अक्का महिनाभर त्याच घरात राहिल्या. स्वयंपाक त्याच करायच्या. मग एक दिवस त्यांनी ट्रंक भरली आणि भावाकडे जायला निघाल्या. दादा मळ्यात गेले होते. यजमान शाळेत. ट्रंक उचलायला घरात पुरुषमाणूस नव्हता, म्हणून एका कडीला मी हात लावला, एकीला त्यांनी, आणि उमेशला मी पाठीशी बांधलं.

फाट्यावर लिंबाखाली आम्ही एसटीची वाट बघत बसलो. उमेश अकरा महिन्यांचा होता, गुटगुटीत. उन्हानं चिडला होता, म्हणून मी त्याला पदराखाली घेतलं.

अक्का रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "तुझं काय चुकलं न्हाई, अलका."

मी उन्हासाठी पदर जरा पुढं ओढला.

"मी बी तुझ्या जागी असते तर दिला नसता," त्या म्हणाल्या. "पन मी तुझ्या जागी नव्हते ना कधी."

गाडी आली. कंडक्टरनं ट्रंक आत घेतली. अक्का पायरीवर चढता चढता परत खाली आल्या. पदराबाहेर उमेशचं पाऊल आलं होतं, त्याच्याकडे त्यांनी हात नेला. तोवर त्यांची चाहूल लागून तो दचकला असेल, त्यानं ओढायचं थांबवलं. अक्कांनी लगेच हात मागं घेतला.

"पिऊ दे," त्या म्हणाल्या. "पिऊ दे त्याला. उठवू नगंस."

त्या चढल्या आणि खिडकीशी बसल्या. गाडी निघाली. त्यांनी मागं वळून बघितलं नाही. उमेशला घेऊन घरी परत येताना मला कळलं, की तासभर आम्ही तिथं शेजारी शेजारी बसलो होतो, आणि मी त्यांना एकदाही थांबा म्हणाले नव्हते.